‘कोर्ट’ कळायला काफ्का लागतो का?

बांधावरचा : काल इथे एक पोस्ट वाचली. ‘कोर्ट’ म्हणजे मराठीतला काफ्का. ज्यानं प्रागच्या त्या लेखकाची ‘द ट्रायल’ ही कादंबरी वाचली नाही, त्याला चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा अर्धाच कळला. डोकंच फिरलं. आमचा बांधाचा दावा तालुक्याला एकोणीस वर्षं चालला. वडील दारातूनच ‘तारीख पडली’ म्हणायचे आणि चपला न काढता तांब्या तोंडाला लावायचे. आईनं काफ्काचं नावही ऐकलेलं नाही. सिनेमात शाहिराला अटक झाली तशी म्हणाली, “आता तारखा.” आपल्या दुःखावर प्रागचा शिक्का कशाला हवा?

सदाफुली : पोस्ट माझी. ‘अर्धाच’ हा शब्द मागे घेते, बाकीचं नाही. ‘द ट्रायल’मधल्या योसेफ के.ला आपल्यावरचा आरोप शेवटपर्यंत कळत नाही. सिनेमातल्या शाहिराला, नारायण कांबळेला कळतो, पण काय, तर गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्यानं जीव दिला! माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, फ्रेंच लेखक कामू ज्याला अ‍ॅब्सर्ड म्हणतो ते हेच.

रातपाळी : जग गप्प कुठंय? त्या मेलेल्या कामगाराच्या विधवेची साक्ष आठवा. नवरा आधी दगड टाकायचा, झुरळ बाहेर आलं तरच उतरायचा. सुरक्षेची साधनं दिलीच नव्हती. २०१३च्या कायद्यानं असं उतरवणं गुन्हा आहे. अ‍ॅब्सर्ड म्हटलं की जबाबदार कुणीच राहत नाही. हा जातीचा प्रश्न आहे. कांबळे झालेले वीरा साथीदार आंबेडकरी कार्यकर्ते होते, त्यांना कामू कशाला?

सदाफुली : मग बाबासाहेबांना अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूई कशाला लागला? कोलंबियात त्यांच्या हाताखाली शिकले, १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांचं ऋण उघड मानलं. ते परकं नाही वाटलं?

रातपाळी : बाबासाहेबांनी ड्यूई कामाला लावला, तुम्ही कामू मिरवताय. त्यांचं नाव अशा वादात ढाल म्हणून पुढे करू नका. फार चीड येते.

सदाफुली : मिरवत नाही. हॉस्टेलवर एकटी होते तेव्हा कामूच्या पुस्तकानं तगवलं मला. ते मी सोडणार नाही.

शाईची दौत : भांडताय त्यात काफ्का राहूनच गेला. तो १९०८ ते १९२२ प्रागला कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत होता. लाकूड रंधायच्या यंत्रात बोटं तुटतात म्हणून चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा बसवा, असा अहवाल त्यानं आकृत्यांसकट लिहिलाय. मी स्वतः नुकसानभरपाईच्या फायली हाताळल्यात. ‘मयताचा निष्काळजीपणा’ हा शेरा किती सहज पडतो, ते पाहिलंय. त्या विधवेची साक्ष त्याच्या टेबलावर आली असती, तर त्यानं आधी साधनांचंच विचारलं असतं.

रातपाळी : हे माहीत नव्हतं. हा काफ्का चालेल. कामूबद्दल माझं म्हणणं तेच.

बांधावरचा : बोटांचं आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “मग बसवला का गोल दांडा?”