आरएक्स १००ला नवीन कार्बोरेटर टाकला, रेस खाली बसत नाही – मदत हवी आहे

मंडळी, काकांची ९५ची यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाईक) आता माझ्याकडे आहे. जुना कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर) ओव्हरफ्लो व्हायचा, त्यातली स्लाइड (अ‍ॅक्सिलेटरने वर-खाली होणारी झडप) पण पार झिजलेली, म्हणून नवीन टाकला, व्हीएम २० मॉडेलच्या टाईपचाच पण लोकल, ओरिजिनल मिकुनी कंपनीचा आमच्याकडे मिळेना. पहिल्या किकला चालू होते, तक्रार नाही. पण अ‍ॅक्सिलेटर सोडला की रेस वरच टांगून राहते आणि मग सावकाश उतरते, गरम झाल्यावर तर जास्तच. चोक थोडा ओढला की लगेच शहाण्यासारखी चालते. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं, रेस चढत नाही, म्हणजे केबल ताणत नाहीये. स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरकडेच आहे, निडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा बाहेर.

मिस्त्री म्हणतो स्क्रू अजून बाहेर काढ, पेट्रोल वाढेल. मला काय पटेना. २टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) टाकीतच मिक्स करतो, लिटरला २० मिली, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलपण कमी, पिस्टन जाम झाला तर कोण बघणार?

प्रतिसाद १: भावा, स्क्रू बाहेर अजिबात काढू नको. हा फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो, बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की मिक्स्चर रिच होतं (पेट्रोलचं प्रमाण वाढतं). ज्या कार्बला तो इंजिनच्या बाजूला असतो तिथे उलटं, मिस्त्री बहुतेक त्याच सवयीने बोलला. पण तुझी लक्षणं बघता स्क्रू नंतर, आधी कुठून बाहेरची हवा घेतंय का ते शोध. स्लो रेसवर ठेवून कार्ब आणि इंजिनमधल्या रबर जॉइंटवर थोडा कार्ब क्लीनर मार, रेस बदलली की समज तिथेच लीक. सायलेन्सरवर उडू देऊ नको, पेट घेईल.

धागाकर्ता: मारला दादा, खालच्या बाजूला फवारल्याबरोबर रेस बदलली. रबर काढून वाकवलं तर क्लॅम्पच्या कडेला चीर उघडते, वरून बघितलं तर दिसतसुद्धा नाही. आता सांगली-कोल्हापूरकडे चांगलं रबर कुठे मिळेल? आणि ते बदलल्यावर स्क्रू दीडवरच ठेवून सुरुवात करू का?

प्रतिसाद १: हो, दीडवरच. इंजिन चांगलं गरम कर मग पाव-पाव फेरा फिरवून बघ, जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथे थांब, आणि मग स्लाइडच्या स्क्रूने स्लो खाली घे. रबराचं कोल्हापूरवाले सांगतील. तोवर गाडी पळवू नको.