मदत हवी आहे: मुलाचा पांढऱ्या पेशींचा आजार आणि घरात ठरू घातलेलं लग्न

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलगा दोन वर्षांचा होईल. बेंबी चिघळली तेव्हापासून दवाखाना काही सुटला नाही. तोंड यायचं, हिरड्या सुजायच्या, कानामागे गळू व्हायचं. गळू लालभडक, पण पू धरायचाच नाही. दरवेळी अँटिबायोटिक, ताप उतरला की घरी. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सीबीसीतल्या (रक्तपेशींच्या मोजणीतल्या) एकूण पांढऱ्या पेशींवर न थांबता त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, किती निघतात ते मांडून पाहिलं. १८०! हा आकडा १५०० च्या वर हवा, ५०० च्या खाली गंभीर. एकूण आकडा ठीक दिसत होता तो मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढल्यामुळे.

मग बोन मॅरो, जनुकीय तपासणी. एचएएक्स१ जनुकात बिघाड, म्हणजे कॉस्टमन आजार. पेशी मज्जेत तयार व्हायला लागतात, पण अर्ध्यावरच मरून जातात. आता रोज या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन चालू आहे, आकडा हजाराच्या पुढे गेलाय, पोरगं घरभर धुमाकूळ घालतंय.

खरा प्रश्न पुढेच आहे. माझं सासर म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचं घर. मी आणि हे, दोघंही वाहक निघालो, म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडलेली, पण स्वतःला आजार नाही; दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की मूल आजारी. आणि आता धाकट्या दिराला माझी धाकटी बहीण करायचं चाललंय. दिवाळीनंतर सुपारी फोडायची म्हणतात. मी नुसतं "तपासणी करू" म्हटलं तर आत्या म्हणाली, "आपल्यात पिढ्यान् पिढ्या मामाची पोरगी करतात, कुणाला काय झालं?" बहिणीला धोका नेमका किती? आणि हे आत्यापुढे काढायचं कसं?

पॅथॉलॉजीवाला: ताई, तुम्ही दोघं वाहक आहात, म्हणजे बिघाड बहुधा आजी किंवा आजोबांकडून तुमच्या वडिलांत आणि आत्यात आला. तसं असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, दिराचीही निम्मी. दोघंही असण्याची चारात एक. तसं निघालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता पुन्हा चारात एक. सगळं धरून सोळात एक. तुमचं पुढचं मूल मात्र सरळ चारात एक, तेही डोक्यात असू द्या.

आता कामाचं. आधी फक्त बहिणीची तपासणी करा. मुलाच्या रिपोर्टात बदल नेमका कुठे आहे ते लिहिलेलं असतं, तेवढीच एक जागा बघायची. अनेक जनुकं एकदम तपासणाऱ्या पूर्ण पॅनेलच्या मानाने खूप स्वस्त पडतं. ती वाहक नसेल तर दिराला हात लावायची गरजच नाही, आत्याशी वादही नाही.

थोरली_जाऊ: आणि असली तर? लग्न मोडायचं का?

पॅथॉलॉजीवाला: मोडा असं मी म्हणत नाही. तेव्हा दिराचीही करायची. दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणात ११-१२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का ते कळतं. पण हे दोघांना सुपारीआधी माहीत हवं, नंतर नव्हे.

थोरली_जाऊ: पटलं. तुमच्या आत्याबाईंना मात्र तुम्ही सांगू नका, सून म्हणून नाही आणि भाची म्हणून तर नाहीच. वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या तोंडून वदवा. वडील आणि आत्या दोघांतही तोच बिघाड आलाय हे एकदा कळलं की दोष एकट्या आत्याच्या पदरात पडत नाही. बाकी हा आजार कॉस्टमन नावाच्या डॉक्टरने १९५६ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या कुटुंबांत नोंदवला होता, जनुक सापडायला २००७ उजाडलं. आजी-आजोबांना कुठून कळणार होतं!

मोरपीस: माझी मुलगी याच इंजेक्शनवर आहे, कारण वेगळं, ईएलएएनई जनुक. इंजेक्शन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका, गोठलेलं वापरू नका, हलवून फेस काढू नका. ताप १००.४ च्या वर गेला की तडक हॉस्पिटल, रात्री दोन वाजलेत म्हणून थांबायचं नाही. वर्षातून एकदा बोन मॅरो चुकवू नका, या आजारात पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोका असतो. एचएएक्स१च्या काही प्रकारांत फिट्स येतात, तुमचा बदल त्यातला आहे का तेही विचारून ठेवा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. बहीण तयार आहे, "उद्याच जाऊ" म्हणते. बाबांना रविवारी घेऊन जाते. बहिणीची तपासणी कुठे करावी? आम्ही सांगलीकडचे.

पॅथॉलॉजीवाला: मुलाची झाली त्याच प्रयोगशाळेत आधी विचारा, सोपं जातं. सल्ला हवा असेल तर मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच ही रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची सरकारी संशोधन संस्था आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथे काम चालतं. जाताना रिपोर्टचा मोबाइलमधला फोटो नको, बदलाचं नाव असलेल्या पानाची झेरॉक्स न्या. मुलाचा नमुना पडताळणीसाठी लागेल का तेही फोनवरच विचारून घ्या, नाहीतर दुसरी खेप पडते. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका.