ब्रिटिश नौदलाची महायुद्धातली पदकं: दोन संचांपैकी कोणता घ्यावा?

जुनी_नाणी
नमस्कार मंडळी. आता ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या पदकांकडे वळायचंय. नुसती पदकं नकोत, ती ज्याला मिळाली त्या खलाशाची माहितीही हवी. सध्या दोन संच समोर आहेत.

१) पहिलं महायुद्ध: १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. तिन्हीवर एकाच स्टोकरचं (जहाजाचे बॉयलर सांभाळणाऱ्या खलाशाचं) नाव, क्रमांक 'के'पासून सुरू. विक्रेता म्हणतो, हा अ‍ॅडमिरल नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर होता आणि जटलंडच्या (१९१६, ब्रिटिश आणि जर्मन नौदलांच्या) लढाईतही होता.
२) दुसरं महायुद्ध: १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, फ्रान्स अँड जर्मनी स्टार, वॉर मेडल. नाव कुठेच नाही. 'एकाच खलाशाचा संच' एवढंच सांगितलंय.

काय तपासू?

सुकाणू
दुसरा सोडा. अटलांटिक स्टार आणि फ्रान्स अँड जर्मनी स्टार एकाच माणसाला मिळत नसत. एअरक्रू युरोप धरून या तिघांपैकी एकच स्टार मिळे. दुसऱ्यासाठी पात्र ठरलात तर पहिल्याच्या फितीवर त्या नावाची पट्टी. म्हणजे अटलांटिक स्टारवर 'फ्रान्स अँड जर्मनी' अशी पट्टी असती तर गोष्ट वेगळी होती. हा संच कुणीतरी सुटी पदकं जुळवून केलेला आहे. पॅसिफिक आणि बर्मा स्टारच्या जोडीलाही हाच नियम.

ब्रिटिश नौसैनिकांना दुसऱ्या महायुद्धातले स्टार आणि वॉर मेडल बिननावाचेच दिले गेले. त्यामुळे तिथे कागद नसेल तर माणूस नाही. नाव-पत्ता असलेलं मूळ खोकं, सेवेचा दाखला किंवा जोडीला नाव कोरलेलं एखादं पदक (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, लाँग सर्व्हिस मेडल) असेल तरच विचार करा. खोकंही रिकामं मिळतं आणि त्यात कुठलीही पदकं भरता येतात, म्हणून खोक्यात छापलेली पदकांची यादी आणि हातातली पदकं ताडून बघा.

कोरीव
पहिल्या संचाबद्दल. व्हिक्टरी आणि ब्रिटिश वॉर मेडलवर नाव कडेवर असतं, स्टारवर पाठीवर. क्रमांक, नाव, हुद्दा, आर.एन. (रॉयल नेव्ही) या क्रमाने. जहाजाचं नाव या तिघांवर नसतं. कुणी कडेवर जहाज दाखवलं तर लगेच थांबा. अक्षरं साच्याने ठोकलेली असतात, हाताने कोरलेली नाहीत.

बनवाबनवी बहुधा चांदीच्या वॉर मेडलवर होते: जुनं नाव घासून काढायचं आणि नवं ठोकायचं. घासल्यावर कड बारीक होते. व्यास साधारण ३६ मिमी असतो. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मापा आणि खात्रीच्या दुसऱ्या वॉर मेडलशी तुलना करा. नावाच्या पट्ट्यातच व्यास कमी भरला तर घासलेलं आहे. भिंगाखाली अक्षरांच्या तळाशी जुना काळवटपणा दिसायला हवा. तळ चकचकीत आणि बाकी पदक काळं, असं असेल तर नको. कडेवर 'रिप्लेसमेंट' असा शब्द असेल तर ते नंतर बदली दिलेलं पदक. खोटं नाही, पण किंमत त्या मानाने द्या.

आणखी एक. वॉर मेडल एकटं असू शकतं. व्हिक्टरी किंवा १९१४-१५ स्टार एकटा दिसला तर संच फुटलेला आहे. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा पुष्कळ वॉर मेडलं वितळवली गेली, म्हणून हेच पदक हरवलेले संच फार दिसतात. फार वाईट वाटतं ते पाहून.

सुकाणू
आता माणूस. क्रमांकाचं अक्षर आधी वाचा. १९०८पासून भरती झालेल्यांत जे म्हणजे डेकवरचे खलाशी आणि सिग्नलवाले, के म्हणजे स्टोकर, एल म्हणजे अधिकाऱ्यांचे स्टुअर्ड आणि आचारी, एम म्हणजे कारागीर वगैरे. एफ म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस. तुमचा स्टोकर के, म्हणजे हुद्दा आणि अक्षर जुळतंय.

मग लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर खलाशांची सेवानोंद काढा: मालिका एडीएम १८८. शोधताना क्रमांक टाका, आडनावावर भिस्त नको. नोंदीत जन्मतारीख, जन्मगाव, आधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, गोंदण आणि जहाजं तारखांसकट सापडतात. पदकांची यादी एडीएम १७१ मध्ये आहे. कोणती पदकं मिळाली ते तिथे ताडा.

जुनी_नाणी
सेवानोंद काढली. त्यात 'व्हिक्टरी २' दोनदा आहे. म्हणजे विक्रेता खरं बोलतोय?

तांडेल
नाही. व्हिक्टरी, पेम्ब्रोक, व्हिव्हिड ही अनुक्रमे पोर्टस्मथ, चॅटम आणि डेव्हनपोर्टच्या किनाऱ्यावरच्या तळांची नावं. माणूस प्रशिक्षणात किंवा पुढच्या जहाजाची वाट पाहत असला की त्याचं नाव तळाच्या वहीत लागे. नेल्सनच्या जहाजाशी त्याचा संबंध नाही. विनाशिका आणि पाणबुड्यांवरचे लोकही बऱ्याचदा मोठ्या जहाजाच्या वहीवर असत. खऱ्या बोटीचं नाव शेजारी कंसात बारीक अक्षरांत असतं, तेच नीट वाचा. 'प्रेसिडेंट ३' दिसलं तर व्यापारी जहाजांवरचे तोफची.

जटलंडसाठी एकच कसोटी: ३१ मे १९१६ या तारखेला तो कोणत्या जहाजावर, आणि ते जहाज त्या दिवशी लढाईत होतं का. शेवटच्या रकान्यात 'डी.डी.' असेल तर सेवेत असताना मृत्यू. 'रन' म्हणजे पळून गेला, आणि अशांची पदकं बहुधा जप्त होत. मग तुमच्या हातात ती आली कशी, हा प्रश्न एडीएम १७१च्या शेऱ्यात सुटतो.

जुनी_नाणी
३१ मेला 'वॉरस्पाइट'! वॉर मेडल मात्र पार काळं पडलंय. उजळवू का?

कोरीव
'वॉरस्पाइट' त्या दिवशी लढाईत होती आणि सुकाणू अडकून गोल फिरत मार खात होती, तेव्हा घ्याच. पॉलिश अजिबात नको. तो काळा थर चांदीवरचं सल्फाइड आहे. घासलं की त्याबरोबर चांदीही जाते आणि कडेवरची अक्षरं उथळ होतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, हातमोजे घालून कडेने धरा. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातून सुटणाऱ्या आम्लाने कांस्यावर हिरवट थर येतो. आम्लरहित कागदाचं पाकीट आणि सिलिका जेल पुरे. जुनी फीत विटलेली असली तरी बदलू नका, आणि तिन्ही पदकं कधी वेगळी करू नका.