मदत हवी आहे: हार्ड डिस्कपुढे एसएसडीची कॅशे लावली, पण तीन आठवड्यांनंतरही फरक जाणवत नाही

नमस्कार,

घरातली सगळी छायाचित्रे आणि जुन्या कागदपत्रांचे स्कॅन मी एका लिनक्स सर्व्हरवर ठेवते. त्यात प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशा मांडणीत, जोडलेल्या आहेत, त्यामुळे वापरण्याजोगी जागा १२ टीबी मिळते. डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या आहेत, रॅम १६ जीबी आहे आणि घरातले इतर संगणक एक गिगाबिटच्या नेटवर्कने सर्व्हरला जोडलेले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यात ५०० जीबीची साटा एसएसडी बसवली आणि बीकॅशे ही लिनक्समधली सोय वापरून ती या चारही डिस्कांपुढे कॅशे (वारंवार लागणाऱ्या डेटाची प्रत हाताशी ठेवणारी जलद जागा) म्हणून लावली. बीकॅशेला मूळ डिस्कवर स्वतःची खूण लिहावी लागते, म्हणून सगळा डेटा आधी दुसरीकडे हलवला, नव्याने मांडणी केली आणि मग तो परत आणला. या कामात दोन दिवस गेले, आणि ते वाया गेले असे म्हणायची वेळ येऊ नये म्हणून हा धागा काढत आहे.

माझी अपेक्षा कुठून आली तेही सांगते. इंटेलने २०११ साली झेड६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स नावाची सोय आणली होती, जिच्यात जास्तीत जास्त ६४ जीबीची एसएसडी हार्ड डिस्कची कॅशे म्हणून वापरता येत असे. तसा एक संगणक मी बरीच वर्षे वापरला. विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ त्यात इतका कमी झाला होता की डिस्क तीच आहे यावर विश्वास बसत नसे. ६४ जीबीने एवढे साधत असेल, तर ५०० जीबीने सर्व्हरचा कायापालट व्हायला हवा, असा माझा हिशेब होता.

प्रत्यक्षात मोठ्या व्हिडिओ फाइल सर्व्हरवरून उतरवताना वेग पूर्वी सेकंदाला ११२ एमबी होता आणि आजही तो ११२ एमबीच आहे. छायाचित्रांचे एखाद्या वर्षाचे फोल्डर, म्हणजे सुमारे चार हजार फोटो, सकाळी पहिल्यांदा उघडले की लघुचित्रे एकेक करून उमटतात, तोवर डिस्कांची कटकट शेजारच्या खोलीत ऐकू येते आणि सगळे फोटो दिसायला पावणेदोन मिनिटे जातात. तेच फोल्डर लगेच पुन्हा उघडले तर क्षणात उघडते, पण ते तर एसएसडी नसतानाही तसेच उघडत असे. बीकॅशेची आकडेवारी पाहिली तर एकूण हिट रेशो अवघा १४ टक्के आहे. म्हणजे कॅशेच्या वाटेने गेलेल्या शंभर मागण्यांपैकी शहाऐंशींसाठी शेवटी हार्ड डिस्ककडेच जावे लागले.

सर्वांत जास्त काळजी वेगळ्याच आकड्याची वाटते. एसएसडी स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट माहितीत आजवर तिच्यावर ११ टीबीपेक्षा जास्त लेखन झाल्याचे दिसते. मी तीन आठवड्यांत नवीन असे फार तर ६० जीबी साठवले असेल. डेटा परत आणताना झालेले लेखन धरले तरी हा हिशेब कुठेच जुळत नाही. या एसएसडीची लेखनमर्यादा उत्पादकाने ३०० टीबी दिलेली आहे.

बाकीची माहिती अशी: कॅशेची पद्धत राइटथ्रू आहे (लेखन लगेच मूळ डिस्कवरही होते), म्हणजे मूळची जी असते तीच, आणि इतर कोणत्याही सेटिंगला मी हात लावलेला नाही. फोटोंची संख्या सुमारे १ लाख ८० हजार असून एक फोटो सरासरी ३ एमबीचा आहे. रात्री दोन वाजता आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या यंत्रावर बॅकअप होतो. एखादी फाइल नकळत खराब झाली तर कळावे म्हणून त्यात चेकसमचा (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा) पर्याय चालू ठेवला आहे. व्हिडिओंचा बॅकअप मी वेगळा, हाताने घेते.

राइटबॅक पद्धत चालू केली तर वेग वाढेल असे वाचनात आले आहे. ती चालू करावी का, आणि ११ टीबीचे लेखन कुठून आले असेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आधी ११२ एमबीचा प्रश्न मिटवू, कारण त्यात डिस्कचा काहीच दोष नाही. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, आणि त्यातून नेटवर्कच्या प्रोटोकॉलचा वाटा वजा केला की हातात ११० ते ११५ उरतात. तुम्हाला दिसतो तो आकडा केबलचा आहे. तुमच्या चार डिस्क मिळून सलग वाचन याच्या कितीतरी पट वेगाने देऊ शकतात, आणि साटा एसएसडी फार तर ५५० एमबीपर्यंत जाते, तेव्हा मोठ्या फाइलसाठी कॅशे मध्ये घालून मिळण्यासारखे फारसे काही नसतेच. बीकॅशेलाही हे ठाऊक आहे. सलग वाचन ४ एमबीच्या पुढे गेले की ती ते कॅशेत न भरता थेट डिस्ककडे जाऊ देते.

फोल्डरचे दुखणे मात्र खरे आहे आणि कॅशे त्याच कामासाठी असते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि हेड तिथवर सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. सगळे मिळून १२-१३ मिलिसेकंद धरले तर एका पाठोपाठ येणाऱ्या सुट्या मागण्या सेकंदाला ८० च्या आतच उरकतात. चार हजार फोटोंसाठी हेड प्रत्येकी दोनदा हलवावे लागले तरी शंभर सेकंद झाले. तुमची पावणेदोन मिनिटे ती हीच. तुमच्या जुन्या संगणकात विंडोज रोज त्याच त्या छोट्या फाइल वाचत असे, म्हणून तिथे ६४ जीबी पुरले. इथे प्रश्न जागेचा नाही. ज्या फोटोंची सुरुवात तुम्हाला सकाळी हवी असते, ती रात्रीतून कॅशेबाहेर का जाते, हा खरा प्रश्न आहे.

मला बॅकअपचा संशय आहे. आज रात्री दोनच्या आधी आणि बॅकअप संपल्यावर एसएसडीवरील एकूण लेखनाचा आकडा टिपून ठेवाल का?

धागाकर्तीचे उत्तर

आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही आकडे टिपले. बॅकअप अडीच तास चालला आणि तेवढ्या वेळात एसएसडीवर ५४२ जीबी लिहिले गेले. प्रत्यक्ष बॅकअपमध्ये मात्र फक्त तीन नवीन फाइल गेल्या. वाचन करणाऱ्या कामामुळे एवढे लेखन होईल हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते.

प्रतिसाद

मग कोडे सुटले. आरसिंक एरवी फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते, पण चेकसमचा पर्याय दिला की प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचते. १ लाख ८० हजार गुणिले ३ एमबी म्हणजे ५४० जीबी. बीकॅशे प्रत्येक प्रक्रियेच्या मागण्यांची सरासरी लांबी पाहून ती सलग वाचन करते आहे का हे ठरवते, आणि तुमचे फोटो ३ एमबीचे असल्यामुळे ती सरासरी ४ एमबीच्या उंबरठ्याच्या आतच राहते. त्यामुळे बॅकअपसाठी वाचलेला प्रत्येक फोटो कॅशेत भरला जातो.

यापुढची गोष्ट अधिक वाईट आहे. कॅशे ५०० जीबीची आणि रात्रीचा फेरा ५४० जीबीचा. बीकॅशे मुळात सर्वांत जास्त काळ न वापरलेले ते आधी काढते. त्यामुळे फेरा शेवटाकडे येईपर्यंत सुरुवातीचे फोटो बाहेर गेलेले असतात, आणि दुसऱ्या रात्री फेरा पुन्हा सुरुवातीपासून लागला की नेमके तेच नाहीसे झालेले असतात. कॅशे फेऱ्यापेक्षा थोडीशीच लहान असली तरी असा फेरा तिला जवळजवळ पूर्ण निकामी करतो, आणि दिवसभरात तुम्ही जे वापरता तेही त्याच लोंढ्यात वाहून जाते. एकवीस रात्री गुणिले ५४० जीबी केले की तुमचे ११ टीबी मिळतात. याच गतीने ३०० टीबीची मर्यादा दीड वर्षात गाठली जाईल.

उपाय म्हणून चेकसमचा पर्याय रोजच्या बॅकअपमधून काढा. फाइल नकळत खराब होण्याची तुमची काळजी रास्त आहे, तेव्हा तो महिन्यातून एकदा वेगळा चालवा. शिवाय सिक्वेन्शिअल कटऑफ, म्हणजे सलग वाचनाचा तो उंबरठा, ४ एमबीवरून १ एमबीवर आणा, म्हणजे तो मासिक फेराही कॅशेला वळसा घालून जाईल. एखादा फोटो पूर्ण उघडताना तो डिस्कवरून येईल खरा, पण ३ एमबीच्या सलग वाचनाला डिस्क खळखळ करत नाही. तिला त्रास होतो तो हजारो ठिकाणी उड्या मारायला लावल्यावर.

आणखी एक प्रतिसाद

राइटबॅकचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहितो. रेड ५ वर छोटे लेखन महाग पडते, कारण जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली माहिती) वाचायची आणि मग दोन्ही नव्याने लिहायची, अशी चार कामे एका लेखनामागे होतात. राइटबॅकमध्ये लेखन आधी एसएसडीवर पूर्ण होते आणि बीकॅशे ते नंतर डिस्कवरील क्रमाने लावून उतरवते, त्यामुळे फायदा नक्की दिसतो. पण त्या क्षणापासून एसएसडीवरचा तो भाग ही प्रत राहत नाही, तो एकमेव डेटा असतो. राइटथ्रूमध्ये एसएसडी मेली तर तुम्ही फक्त वेग गमावता. राइटबॅकमध्ये ती मेली तर केवळ शेवटच्या काही फाइल जातात असेही नाही: फाइल सिस्टीमची स्वतःची नोंदवही अर्धी एसएसडीवर आणि अर्धी डिस्कवर असू शकते, आणि मग १२ टीबी सगळेच धोक्यात येतात. चार डिस्कांना रेड ५ चे संरक्षण आणि त्यांच्यापुढे एकटी एसएसडी, ही मांडणी मला पटत नाही. राइटबॅक हवाच असेल तर दोन एसएसडी मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावा, आणि त्याही वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असलेल्या घ्या.

एलव्हीएम या लिनक्समधल्या दुसऱ्या डिस्क-व्यवस्थेच्या कॅशेकडे वळण्याचा विचार आला तर तिची एक सवय लक्षात ठेवावी. राइटबॅकमध्ये असताना यंत्र अचानक बंद पडले, तर ती परत आल्यावर कॅशेतील सगळेच तुकडे न उतरलेले आहेत असे धरून चालते. तिची जमेची बाजू अशी की ती आधीच्या व्हॉल्यूमला डेटा न हलवता जोडता येते आणि काढताही येते.

धागाकर्तीचे उत्तर

नऊ दिवसांनी लिहीत आहे. चेकसम महिन्यातून एकदाच चालेल असे केले आणि कटऑफ १ एमबीवर आणला. गेल्या दिवसभराचा हिट रेशो ७१ टक्के आहे आणि बॅकअपच्या वेळी एसएसडीवर होणारे लेखन ५४२ जीबीवरून १ जीबीच्याही खाली आले. काल सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू केला, म्हणजे रॅममध्ये काही उरणार नाही, आणि तेच चार हजार फोटोंचे फोल्डर उघडले. नऊ सेकंद लागले आणि डिस्कांचा आवाज आला नाही. आपले मनापासून आभार.

मात्र एक चूक कबूल करायची आहे. राइटबॅकचा प्रतिसाद वाचण्याच्या आधी, आज संध्याकाळी, मी तो चालू करून कॅमेऱ्याच्या कार्डांवरून १२,००० फोटो उतरवले. प्रतिसाद वाचल्यावर लगेच पुन्हा राइटथ्रू केले. फोटोंची सूची तयार करणारा प्रोग्रॅम तेव्हापासून चालू आहे. तासाभराने पाहिले तर स्थिती अजूनही "डर्टी" अशीच आहे आणि न उतरलेला डेटा ३४ जीबी दिसतो. पद्धत बदलली की तो आपोआप डिस्कवर जायला नको का?

प्रतिसाद

पद्धत बदलल्याने नवे लेखन थेट डिस्कवर जाऊ लागते, पण आधीचे उतरवण्याची बीकॅशेला घाई नसते. राइटबॅक पर्सेंट हे सेटिंग मुळात १० असते, म्हणजे कॅशेचा सुमारे दहा टक्के भाग न उतरलेला राहिला तरी तिला चालतो. तुमच्या एसएसडीसाठी ही मर्यादा ५० जीबी होते आणि तुमचे ३४ जीबी तिच्या आतच आहेत. लिनक्सच्या नव्या कर्नेलमध्ये यंत्र निवांत असेल तेव्हा ही उतराई पूर्ण वेगाने होते, पण सूचीचा प्रोग्रॅम चालू असल्यामुळे तुमचे यंत्र निवांत नाही.

राइटबॅक पर्सेंट शून्य करा आणि स्थिती "क्लीन" दिसेपर्यंत सर्व्हर बंद करू नका, एसएसडीच्या केबलला हातही लावू नका. एसएसडीशिवाय मूळ डिस्क जबरदस्तीने चालू करण्याचा एक मार्ग बीकॅशेत आहे. न उतरलेला डेटा शिल्लक असताना तो वापरलात तर फाइल सिस्टीमची मोठी हानी होईल, असा इशारा तिच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. पुढे कधी एसएसडी बदलायची झाली तर आधी डिटॅचची आज्ञा द्या. ती उरलेला सगळा डेटा उतरवते आणि मगच कॅशे सोडते.

धागाकर्तीचे उत्तर

शून्य केल्याबरोबर डिस्कांचा आवाज सुरू झाला आणि आकडा उतरू लागला: ३४, २६, १५, ४. वीस मिनिटांनी स्थिती "क्लीन" झाली आणि न उतरलेला डेटा शून्य दिसला. कार्डे मी अजून पुसली नव्हती, तेव्हा सगळे १२,००० फोटो कार्डांवरच्या मूळ फाइलशी चेकसम लावून पडताळले आणि ते तंतोतंत जुळले. कॅशे राइटथ्रूवरच ठेवली आहे.