मदत हवी आहे: हवामानाच्या नकाशात पुण्याला रंग कोणता?

मंडळी, नववीच्या मुलांसोबत शाळेच्या भिंतीवर कोपेन पद्धतीने (तापमान आणि पावसावरून हवामानाचे गट पाडून त्यांना अक्षरी संकेत देणारी पद्धत) जगाचे हवामान विभाग रंगवत आहोत. सहारा, ॲमेझॉन, सायबेरिया पटापट झाले. अडलंय ते पुण्यापाशी.

७० टक्क्यांहून जास्त पाऊस एप्रिल ते सप्टेंबरात पडत असेल, तर कोरड्या हवामानाची सीमा (वर्षाचा पाऊस याहून कमी असेल तर हवामान कोरडे) म्हणजे वार्षिक सरासरी तापमान गुणिले २०, अधिक २८०. पुण्याचे २५ अंश धरले की येतात ७८० मिमी. पुण्यातल्या शिवाजीनगरचा वर्षाचा पाऊस साडेसातशेच्या आसपास, म्हणजे निमशुष्क (बीएसएच). पण तो थोडा वाढला की लगेच सव्हाना, म्हणजे कोरडा हिवाळा असलेले उष्ण हवामान (एडब्ल्यू)! लोणावळा तर ६५ किमीवर, आणि थेट मोसमी (एएम) गटात. मुलांना नेमकं हेच दाखवायचंय.

नेटवरचे तयार नकाशे पाहिले, ते एकमेकांशी जुळत नाहीत. जिल्ह्याचे सरासरी आकडे नकोत, त्यात घाटाचा पाऊस मिसळतो. ऑइलपेंट असल्यामुळे नंतर बदलणं अवघड आहे.

तर सांगा: १९८१-२०१० ची सरासरी घ्यावी की १९९१-२०२० ची? आणि शिवाजीनगर व लोणावळ्याचे महिनावार तापमान-पावसाचे आकडे शाळेला मोफत कुठे मिळतील?