'दिलगीर' म्हणजे माफी मागणारा की मन मोडलेला?

अर्धविराम:
घरातली जुनी पत्रं टाइप करून त्यांची छोटी पुस्तिका करतेय. पणजोबांच्या 1934 सालच्या पत्रात हे वाक्य आहे: 'चि. बापू परीक्षेस नापास झाल्यापासून फार दिलगीर आहे. त्यास कोणी काही बोलू नये.' माझा चुलतभाऊ म्हणतो, बापूकाकांनी वडिलांची माफी मागितली, एवढाच याचा अर्थ. मला ते पटत नाही. माफीच मागितली असती तर 'कोणी काही बोलू नये' हे कशाला लिहितील? पोरगं आतून मोडलंय, त्याला सांभाळून घ्या, असं बाप घरी कळवतोय. पुस्तिका वाचणारी निम्मी मुलं परदेशात वाढलेली आहेत, त्यामुळे तळटीप द्यावीच लागणार. आजचा कोणता शब्द लिहू? खिन्न, उदास, हिरमुसलेला?

जुनी दप्तरं:
तुमचंच बरोबर आहे. शब्द फारसी. जहांगीर, आलमगीर यांतला जो 'गीर', म्हणजे पकडणारा, धरणारा, तोच हा. काळीज कशाने तरी धरलंय, आवळलंय, असा माणूस दिलगीर. जुन्या पत्रांत आणि पोवाड्यांत तो सरळ दुःखी या अर्थाने येतो, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तोच अर्थ सापडेल. 'दिलगिरी व्यक्त करणे' हा जाहीर निवेदनांतला वापर पुढे इतका पसरला की मूळ अर्थ झाकला गेला. आता आपल्याला दिलगीर फक्त रेल्वे स्टेशनवर भेटतो, गाडी उशिरा धावत असली की.

शुद्धमती:
अर्थ मान्य. पण तळटीप आजच्या मुलांसाठी आहे ना? मग 'खिन्न' लिहा. स्वच्छ, आपला शब्द आहे. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या मुलखात आपण अजून फारसीला कवटाळून बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुनी दप्तरं:
खिन्न आणि खेद एकाच 'खिद्' धातूचे, आणि खेदाचीही तीच गत झाली आहे. 'गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे' यात खिन्न कोण असतं? मी दुःखात आहे असं सांगणं हीच माफीची रीत ठरली की दुःखाचा शब्द औपचारिक होतो, मग तो फारसी असो की संस्कृत. आणि 1934 साली साध्या घरातला बाप पोराबद्दल जो शब्द सहज लिहितो, तो परका कसा?

देवगडी:
हिरमुसलेला नको. जत्रेत फुगा मिळाला नाही की पोर हिरमुसतं आणि संध्याकाळी विसरतं. हिरमोडही तसाच, बेत फिसकटल्याचा. आमची आजी माडाच्या झावळीचे हीर काढून खराटा बांधायची. ओला हीर वाकतो, सुकलेला कडकन मोडतो. मला कायम वाटत आलंय की हिरमोड तिथूनच आला.

कट्टेकरी:
व्युत्पत्ती छान आहे, पण आधार? 'हीर' म्हणजे तेज, पाणी असाही अर्थ आहे, तो जास्त जवळचा वाटतो. आणि हिरमोड लहानांपुरता नाही. 19 नोव्हेंबर 2023 आठवा. ओळीने दहा सामने जिंकलेला आपला संघ अहमदाबादला 240 वर आटोपला आणि ऑस्ट्रेलियाच्या हेडने 137 ठोकून विश्वचषक नेला. आमच्या चाळीत लावलेला पडदा कुणी काढेना. साठीतली माणसं दुसऱ्या दिवशी 'हिरमोड झाला' असंच म्हणत होती.

देवगडी:
झावळीचा हीर मी हातात धरलाय, कोश नंतर. सामन्याचं म्हणाल तर त्या रात्रीला हिरमोड हा शब्द थिटा होता, म्हणून तर लोक गप्प होते.

पाठशाळा:
विषण्ण कुणीच कसं सुचवलं नाही? वि + सद्, खाली बसणे, खचणे. विषाद त्याच धातूचा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन 'विषीदन्' बोलू लागतो आणि लगेच म्हणतो, 'सीदन्ति मम गात्राणि'. तोच सद्. आधी मन बसतं, मग अंग. गंमत म्हणजे प्रसन्नही त्याच सद् पासून आला, तिथे गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं.

शुद्धमती:
उत्तम. विषण्णला माझी पूर्ण संमती.

अर्धविराम:
नापास झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला विषण्ण? कुरुक्षेत्रावर उभा केल्यासारखं वाटतं. उदास चालेल का?

जुनी दप्तरं:
आज चालेल. मात्र 'उदास'नेही घर बदललंय. 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी' म्हणताना तुकोबांना रडवेला माणूस अभिप्रेत नाही, न गुंतलेला आहे.

द्राक्षमळा:
बऱ्याच वेळापासून वाचतोय. तुम्ही सगळे विशेषणं शोधताय. आमच्याकडे याला क्रियापद आहे: हाय खाणे. 2014 च्या गारपिटीत आमची बाग गेली. काढणीला आलेले घड चिखलात पडलेले. वडील त्यानंतर कितीतरी दिवस बागेकडे फिरकले नाहीत. जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, पण माणूस जागेवर नव्हता. आजी एवढंच म्हणायची, 'त्यानं हाय खाल्ली.' शाळेत शिकताना पानिपतानंतर नानासाहेबांनी हाय खाल्ली हे वाक्य पाठ केलं होतं. 14 जानेवारी 1761 ला मुलगा आणि भाऊ गेले, 23 जूनला पर्वतीवर ते स्वतः गेले. त्या वाक्याचा अर्थ मला वडिलांकडे बघून कळला.

पाठशाळा:
हे वाचून पुढचं काही लिहवत नाही.

रुग्णसेवक:
द्राक्षमळा, वडील आता बरे असतील अशी आशा करतो. मी समुपदेशनाचं काम करतो, म्हणून एक चिंता मांडतो. 'हाय खाल्ली' म्हणून घर हात टेकतं, जणू आता फक्त बघत राहायचं. मन दोन आठवड्यांहून जास्त असं पडलेलं असेल, झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याला वेगळं नाव हवं. आम्ही आजाराला नैराश्य म्हणतो आणि साध्या भावनेला निराशा.

शुद्धमती:
निराश या एकाच शब्दापासून दोन्ही नामं बनली. एक आजार आणि दुसरी भावना हे कुणी ठरवलं? त्यात आता हिंदीवरून 'अवसाद'ही येऊ लागलाय. मराठीत 'अवसान' म्हणजे बळ आणि 'अवसाद' म्हणजे खचणं, वाचणाऱ्याने काय समजायचं?

रुग्णसेवक:
कुणी ठरवलं नाही, वापराने ठरत गेलं. माझ्यासमोर बसलेला माणूस तिन्हींपैकी एकही शब्द उच्चारत नाही. शहरातला 'डिप्रेशन आलंय' म्हणतो, खेड्यातला 'कशात मन लागत नाही' म्हणतो. मी त्याचाच शब्द घेऊन पुढे बोलतो.

द्राक्षमळा:
वडील बरे आहेत. तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. पण आजीचा शब्द चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळेच घरात त्यांना कुणी टोचून बोललं नाही. पत्रातल्या बापाने हेच केलंय ना?

रुग्णसेवक:
हो, आणि ते फार मोठं काम आहे. माझं म्हणणं त्यानंतरचं आहे.

अर्धविराम:
सध्या तळटीपेत 'मन मोडून बसला आहे' असं लिहिलंय. चुलतभावाला अजून ते मान्य नाही. त्याचं म्हणणं, 1934 पर्यंत दिलगिरीचा माफीवाला अर्थही रुळला असेल, मग दोन्ही अर्थ का देत नाहीस?

कट्टेकरी:
द्या की दोन्ही. नापास झालेला मुलगा दोन्ही असू शकतो.

जुनी दप्तरं:
नाही, इथे नाही. 'नापास झाल्याबद्दल दिलगीर' आणि 'नापास झाल्यापासून दिलगीर' यांत फरक आहे. 'पासून' आहे, म्हणजे ती त्याची अवस्था आहे, तेव्हापासून चालू असलेली. भावाला एवढंच दाखवा.

देवगडी:
हे पटलं. आता हीर या शब्दाचं कुणीतरी कोशात बघून सांगा.