मदत हवी आहे: 'गॉट' की 'गॉटन'?

इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाने डोकं खाल्लंय. मिळणं, आणणं, होणं, पोहोचणं, समजणं, सगळा कारभार एकटंच बघतं! मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेटा'त, म्हणजे मिळवणं. 'फर्गेट' त्याच गोतावळ्यातलं. इथवर ठीक. अडलंय पुढे.

अमेरिकन इंग्रजीत 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटिश इंग्रजीत मात्र दोन्हीकडे सहसा 'गॉट'च. मग तिथे नेमका अर्थ नुसत्या संदर्भावरून ओळखायचा का?

शिवाय 'ही गॉट प्रमोटेड' बोलताना चालतं, पण नोकरीच्या अर्जात 'वॉज प्रमोटेड'च लिहावं ना? जाणकारांनी कृपया उदाहरणं द्यावीत. नुसते नियम नकोत, ते पाठ आहेत.